हनानच्या वडिलांचं नाव

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक म्हणजे शोभनाकाकूंचा जीव की प्राण. मूळच्या नागपूरच्या. नवरा रिटायर झालेला, मुलं लांब, मग सगळी हौस अंकावर. जाहिरातीपासून शुद्धलेखनापर्यंत दुसऱ्यानं बोट लावायची सोय नाही!

शेजारी हनान राहायची. आखातातल्या एका राजेशाहीतली, नवऱ्याच्या शिक्षणासाठी आलेली. तिला गाडी काकूंनी शिकवली. "अगं ब्रेक, ब्रेक!" असं मराठीतच ओरडायच्या, आणि ती पोरगी नेमकी ब्रेक दाबायची. गाडीतच ती घरचं बोलायची. तिकडे राजानं बायकांना लायसन्स दिलं, आणि ते आधी मागणाऱ्या बायकांना तुरुंगात टाकलं. बाईनं गाडी चालवणं पाप म्हणणारे मौलवी आता हुकमावरून राजाचे गोडवे गात होते. तिचे वडीलही मशिदीत प्रवचन देणारे. चारचौघांत गप्प, पण घरी म्हणायचे, "हक्क ही राजाची बक्षिशी नव्हे. हे सांगायचं काम आमचं, आणि आम्हीच त्याच्या दारात हात जोडून उभे."

काकू भारावल्या. हनानवर लेख लिहायचाच! ती म्हणाली, "फक्त हनान लिहा, आंटी." काकूंनी मान डोलावली. पण लिहायला बसल्या आणि सवय आडवी आली. आपल्याकडे लग्नपत्रिका असो की सत्कार, बापाच्या नावाशिवाय माणूस पुरा होतो का? एवढ्या विचारी गृहस्थाचं नाव गाळायचं म्हणजे त्यांचा अपमानच, असं यांना वाटलं. वडिलांचं नाव, आडनाव, गाव, वर ते वाक्य, सगळं छापलं. तिकडे मराठी कोण वाचतंय? अंक वेबसाइटवर चढला. अहो, हल्ली साधा फोनसुद्धा कुठल्याही भाषेचं भाषांतर करून देतो, हे या बाईंना कोण सांगणार!

बर्फ पडायला लागला तेव्हा त्या वाक्यावरून हनानच्या वडिलांना पोलिसांनी उचलल्याची बातमी आली. काकू तशाच शेजारी धावल्या. हनान ओरडली नाही. "ते असं बोललेच नाहीत, तुम्ही मनाचं लिहिलंत, असं छापा," एवढंच म्हणाली. काकूंनी त्याच दिवशी खुलासा टाकला: ते वाक्य मी रचलं, त्या गृहस्थांचा काही संबंध नाही. मंडळात छी-थू झाली. अध्यक्ष विक्रम यांनी अंकाचं काम काकूंकडून काढून घेतलं. काकूंनी ब्रसुद्धा काढला नाही. माणूस सुटू दे, बस.

एका दुपारी हनान दारात आली. आत येईना. कोर्टात काकूंचा खुलासा वाचून दाखवला, म्हणाली. वकिलानं वडिलांना सांगितलं होतं, खुलासा खरा आहे म्हणून नुसती मान हलवा आणि घरी चला.

"मग?"

"ते म्हणाले, ही बाई मला वाचवायला खोटं बोलतेय. परक्या बाईला खोटारडी ठरवून सुटलो, तर मशिदीत कुठल्या तोंडानं उभा राहू? ते वाक्य माझंच आहे."

काकूंना रडू फुटलं. त्यांनी हात पुढे केला. हनाननं तो धरला नाही.

"आता ते घरी येणार नाहीत, आंटी," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली.