कोरड्या साखळीची सायकल

आमच्याकडे रोज सकाळी पाव घेऊन येणाऱ्या माणसाचं नाव मला माहीत नाही. भोंगा वाजला की मी पिशवी घेऊन फाटकात जाते, एवढीच ओळख.

त्या दिवशी मिरजोळ्याला कामावर निघताना साडीच्या निऱ्यांवर काळं ग्रीस दिसलं. फाटकाला त्याची सायकल टेकलेली होती. मी शेजाऱ्यांदेखत त्याला झाडलं. "जरा बघून लावायला काय होतं? नवी साडी आहे!"

त्याने वाद घातला नाही. "वैनी, पाणी लावू नका, डाग बसेल. खोबरेल आणा, नि भांड्यांचा साबण." साडीला लागू नयेत म्हणून हात पाठीमागे धरून तो सांगत राहिला. आधी तेल चोळा, मग साबण, मग पाणी. डाग जाईपर्यंत तो थांबला. पुढची घरं खोळंबली होती.

तो निघाला तेव्हा सायकल कुरकुरली. साखळी खाऱ्या वाऱ्याने लाल गंजलेली, तेलाचा थेंब नाही. ग्रीस माझ्या मुलीच्या सायकलचं होतं. रविवारी मीच ते लावलं होतं आणि सकाळी मीच ती सायकल वाटेतून सरकवली होती.

दुसऱ्या दिवशी तो सायकल लांब रस्त्यावर ठेवून चालत आला.

"गेला ना डाग?"

"गेला."

"पोरीच्या सायकलची साखळी फडक्याने पुसून ठेवा हो. ग्रीस जास्त झालंय."

"बरं," म्हणून मी पाव घेतले. सायकल फाटकाशी आणा, एवढंसुद्धा तोंडून निघालं नाही. तो अजून चालतच येतो.