शेऱ्याचा रकाना

नायगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात अंबिका स्वामी यांनी एकतीस वर्षं नर्सबाई म्हणून काढली. आजूबाजूच्या सात गावांतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली. यजमान मन्मथअप्पा आधीच गेले होते. निवृत्त झाल्यावर त्या लातूरला, मुलगा वीरेश आणि सून दामिनी यांच्याकडे राहायला आल्या.

लातुरात त्यांना करायला काही नव्हतं. सकाळी अंघोळ, लिंगपूजा, मग भाजी निवडणं. ती पण दहा मिनिटांत व्हायची. नंतर त्या खिडकीशी मांडीवर हात ठेवून बसायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "काही न्हाई, बसून राहिले." दामिनी कॉलेजात शिकवायची. सासूचं हे बसणं तिला खटकायला लागलं. एका संध्याकाळी तिनं सोनेरी कडेची, तारखा छापलेली डायरी आणून दिली.

"अव्वा, रोज एक पान लिहा. मनात जे येईल ते."

अंबिकाबाईंनी मन लावून लिहिलं. पहिल्या दिवशी लिहिलं, आज दोडक्याची भाजी केली. दुसऱ्या दिवशी, आज पाणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा दोडका आला, तेव्हा त्यांनी डायरी मिटली. दामिनीनं मग दुसरी तऱ्हा सांगितली, रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. आठवडाभर त्यांनी तेही केलं. गॅस वेळेवर आला, वीरेश वेळेवर घरी आला, गुडघा दुखला नाही. आठव्या दिवशी गुडघा दुखला आणि यादी दोनावर अडली. मोबाईलमध्ये बोलून ठेवायचाही प्रयोग झाला. स्वतःचा आवाज ऐकून त्यांना वाटलं, ही बाई जिल्हा परिषदेत तक्रार घेऊन आली आहे.

सकाळी बागेत फिरायला येणारे राजशेखर गुरुजी म्हणाले, "जन्मापासून सुरू करा. आत्मचरित्रच होऊन जाईल." अंबिकाबाईंनी चार पानं लिहिली. लहानपणीचं उदगीर, वडिलांचं किराणा दुकान, नर्सिंगचं शिक्षण, पहिली नेमणूक. लिहून झाल्यावर वाचलं, तर त्यातली अंबिका भलतीच सोशीक, भलतीच दयाळू निघाली. अशा बाईला त्या कधी भेटल्या नव्हत्या. त्यांनी पानं फाडून कचऱ्यात टाकली.

पुढं महिनाभर लिहिण्याचं नाव निघालं नाही. मग एकदा नातीची वही आणायला त्या स्टेशनरीच्या दुकानात गेल्या. तिथं फळीवर लांबट, कापडी पाठीचं, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर दिसलं. उपकेंद्रात प्रसूतीच्या नोंदींना असंच असायचं. त्यांनी ते हातात घेऊन वजन पाहिलं आणि विकत घेतलं. घरी येऊन पट्टीनं रकाने आखले. अनुक्रमांक, तारीख, कोण, कुठलं, काय झालं आणि शेवटी शेरा.

त्यांचा नेम साधा होता. रोज एक ओळ आणि ओळीत एक माणूस. ज्याची आठवण सकाळी आपसूक येईल तो. पहिल्या ओळीत बिलोलीची गंगम्मा आली. कळा देताना ती नवऱ्याला शिव्या घालायची आणि पोरगं झाल्यावर त्यालाच पहिल्यांदा हाक मारायची. दुसऱ्या ओळीत बैलगाडीत बाळंत झालेली एक, तिचं नाव आठवलं नाही, तर तो रकाना रिकामा ठेवला. कुणाला काय वाटलं, आपल्याला काय वाटलं, हे लिहायची सक्ती नव्हती. जे झालं ते लिहायचं, आणि काही उरलं असेल तर ते शेऱ्यात. पंधरा दिवसांत शेऱ्याचा रकाना अपुरा पडायला लागला. पुढच्या पानावर त्यांनी तो दुप्पट रुंद आखला.

दामिनीनं एकदा पान उलटून पाहिलं. म्हणाली, "अव्वा, ही डायरी वाटतच न्हाई."

"नको वाटू दे. मला जमून राहिलंय."

सत्तराव्या ओळीला त्या अडल्या. नावाच्या रकान्यात धोंडाबाई लिहून झालं. गावही लिहून झालं. पुढं पेन चालेना. त्या उठल्या, भांडी घासली, परत येऊन बसल्या.

एकवीस वर्षांमागचा ऑगस्ट होता. ओढ्याला पूर आला होता आणि जीप पलीकडं अडकली होती. दुपारी सव्वातीनला धोंडाबाईला मुलगी झाली. वजन कमी, श्वास अडखळता. एकदाच बारीक रडली. अंबिकाबाईंनी जे जे ठाऊक होतं ते सगळं केलं. अकरा मिनिटांनी मुलगी गेली. संध्याकाळी पाणी उतरल्यावर डॉक्टर आले. ते म्हणाले, "मृत जन्म टाका. जिवंत लिहिलं तर चौकशी लागेल, गाडी का नव्हती म्हणून मला विचारतील आणि तुम्हालाही." अंबिकाबाईंनी तसं लिहिलं. ग्लानीत पडलेल्या धोंडाबाईलाही तेच सांगितलं, की लेकरू पोटातच गेलं होतं.

आता त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : जिवंत जन्म. अकरा मिनिटं जगली. नोंद खोटी केली, मी केली.

हे लिहून हलकं वगैरे काही वाटलं नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही, एवढंच. तिसऱ्या दिवशी त्यांनी वीरेशला सांगितलं, नायगावला जाऊन येते. तो म्हणाला, गाडी करून देतो. त्यांनी नको म्हटलं. रजिस्टर पिशवीत घातलं, एसटीनं नांदेड गाठलं, तिथून देगलूरच्या गाडीनं नायगावला उतरल्या आणि पुढं रिक्षानं गावात.

धोंडाबाई ओसरीवर तूर निवडत होती. साठीकडं झुकली होती. तिनं लगेच ओळखलं.

"नर्सबाई, तुमी? बसा."

अंबिकाबाई बसल्या आणि पाणी प्यायच्या आधीच त्यांनी सगळं सांगून टाकलं. धोंडाबाईचा हात सुपात थांबला.

"रडली होती न्हाई का ती?" तिनं विचारलं.

"हाव. एकदाच."

"मी ऐकलं होतं. सासू म्हणली, शेजारची शेळी वरडली. एकवीस साल मला वाटलं, माझ्याच डोस्क्यात काही बिघाड हाय." ती सूप बाजूला सारत म्हणाली, "तवाच सांगायला पायजे होतं, बाई."

"पायजे होतं."

"लिव्हलंय म्हनता. वाचा बरं."

अंबिकाबाईंनी ओळ वाचली. ऐकून धोंडाबाई म्हणाली, "केस होते का?"

"लई होते. कपाळावर आले होते."

"मंग ते लिव्हलं न्हाई तुमी."

अंबिकाबाईंनी पिशवीतून पेन काढलं आणि तिथंच, गुडघ्यावर रजिस्टर ठेवून, केसांचं लिहिलं. धोंडाबाई अक्षरांकडं बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. लिहून झाल्यावर तिनं हात पुढं केला. "ह्यो कागद मला द्या."

त्या पानावर आणखी सहा माणसांच्या ओळी होत्या. अंबिकाबाई क्षणभर थांबल्या. मग त्यांनी पान शिवणीपासून सावकाश फाडलं आणि दिलं. धोंडाबाईनं ते घडी घालून आत नेलं. परत आली तेव्हा ती चहाचं बोलली नाही, आणि अंबिकाबाईंनीही अपेक्षा ठेवली नाही. "गाडी चारला असती," एवढं मात्र तिनं सांगितलं.

लातूरला परतल्यावर अंबिकाबाईंनी त्या सहा ओळी आठवून नव्यानं लिहिल्या. सत्तरावा क्रमांक रिकामा सोडला. ती ओळ परत लिहावीशी वाटली नाही. दोन महिन्यांनी, उपकेंद्रातून नंबर घेऊन, धोंडाबाईनं फोन केला. त्या दिवसाचं काही नाही, बीपीची गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे विचारायला. पुढच्या महिन्यात परत आला, सुनेला दिवस गेले होते म्हणून.

अंबिकाबाईंचं दुसरं रजिस्टर सध्या चालू आहे. त्यात आता सगळीच जुनी माणसं नसतात. परवा त्यांनी भाजीवाल्या बसम्माची नोंद केली. तिनं वजनकाट्यावर शेपूची जुडी ठेवता ठेवता स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगितली होती. एखाद्या सकाळी कुणीच आठवत नाही. त्या दिवशी त्या रजिस्टर उघडतही नाहीत.