अकरा ठोके

ही गोष्ट मी आजवर कुणापुढे तोंडानं बोललेलो नाही. आता तुम्ही म्हणाल, हा माणूस आणि न बोललेली गोष्ट? नारायण पेठेत कुणालाही विचारा. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातल्या वाघाला मी नुसत्या नजरेनं मागं सरकवलं होतं, इथपासून लोक सुरू होतील. (वाघ झोपेत कूस बदलत होता, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.) पण ही एक गोष्ट — सांगायला घेतली की मी दुसरंच काहीतरी बोलतो. बघा, आताही तेच चाललंय.

तर. मी विद्यापीठातल्या व्यायामशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. माणसाचे स्नायू किती ताण सोसतात, श्रमात किती प्राणवायू ओढतात, ते मोजायचं आमचं काम. जागेवर खिळवलेली एक सायकल आहे. तिच्यावर माणूस बसवायचा, छातीला वायरी, तोंडावर मास्क, आणि दर दोन मिनिटांनी पेडल जड करत जायचं — तो पार गळेपर्यंत. मास्कमुळे बोलता येत नाही, म्हणून खुणा ठरलेल्या. अंगठा म्हणजे चालू द्या. उघडा पंजा म्हणजे थांबवा. पंजा दिसला की थांबवायचं — त्यात चर्चा नाही.

आणि ओरडायचं काम माझं. माणूस आधी मनानं थकतो, पाय नंतर थकतात. म्हणून ओरडायचं, "शेवटची वीस सेकंदं!" ती संपली की पुन्हा, "शेवटची वीस!" हे खोटं आमच्या कामात सगळेच बोलतात, विभागप्रमुख मॅडमनाही ठाऊक आहे. पण माझ्याइतकं रंगवून कोण बोलणार? विद्यार्थी म्हणायचे, काका ओरडले तर मढंसुद्धा दोन मिनिटं जास्त पेडल मारेल. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

आठ वर्षांपूर्वी सिद्धार्थ कांबळे चाचणीला आला. कात्रजच्या एका शाळेत पीटीचा शिक्षक, तिशीचा, रविवारी घाट धावत चढणारा. मी सकाळीच विद्यार्थ्यांसमोर छाती फुगवून सांगितलं होतं, आज या खोलीतला प्राणवायूचा आजवरचा सगळ्यात मोठा आकडा काढून दाखवतो. मॅडम फोन आला म्हणून बाहेर गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघंच. आकडा चढत होता, आणखी थोडासाच हवा होता — आणि त्यानं पंजा दाखवला.

मला दिसला.

एवढं वाक्य लिहायला आठ वर्षं लागली. मी पडद्याकडे बघत असल्याचं सोंग केलं आणि ओरडलो, "शेवटची वीस!" मग पुन्हा ओरडलो. मग पुन्हा. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. पंजा खाली गेला. आकडा आला — आणि हृदयाची रेघ काढणाऱ्या कागदावर, ओळीनं अकरा ठोके, रुंद, बेढब, कसेही पडलेले. मग पुन्हा सगळं सुरळीत.

ते काय असतं, हे मला कळत नव्हतं का? रोज तीच रेघ बघतो मी. असे ठोके दिसले की तिथंच थांबायचं आणि त्याच दिवशी माणसाला हृदयाच्या डॉक्टरकडे पाठवायचं. पण कागद दाखवला असता तर पहिला प्रश्न कोणता आला असता — थांबवलं का नाहीत?

मॅडम आत आल्या. "काय झालं?"

"काही नाही. घामानं इलेक्ट्रोड सुटला."

वहीतही तेच लिहिलं. तेवढा कागद फाडून खिशात घातला. आणि धापा टाकत बसलेल्या सिद्धार्थच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "कांबळे, काळीज आहे की घोडं! असं हृदय आमच्या यंत्रानं अजून पाहिलेलं नाही." थापाड्या माणसाच्या तोंडून निघालेलं अक्षर न् अक्षर खरं वाक्य. अंगावर येतं की नाही?

ते वाक्य त्यानं जपून ठेवलं. छातीत धडधडलं तरी बायकोला तेच ऐकवायचा — विद्यापीठानं तपासलंय मला. हे तो मलाच फोन करून हसत सांगायचा. त्याचं नाव फोनवर उमटलं की तीन-चार रिंगा मी तशाच जाऊ द्यायचो. पलीकडून त्याच्या बायकोचा आवाज आला तर?

आणि तो कागद? फाडून का टाकला नाही, मला सांगता येत नाही. त्या कागदावरची छपाई वर्षागणिक उडत जाते. मी तिच्या उडण्याची वाट पाहिली. दर दिवाळीला साफसफाईचं निमित्त करून खणातून काढून बघायचो. रेघ फिकी झाली होती. पण ठोके मोजता येत होते. अकराच्या अकरा.

गेल्या महिन्यात तो घाटाच्या वळणावर कोसळला. बरोबरच्यांनी उचलून आणला. मग त्याचा फोन आला.

"सर, माझा तेव्हाचा कागद असेल का हो तुमच्याकडे? डॉक्टर म्हणतात, हे हृदयाचं दुखणं किती जुनं आहे ते कळलं तर पुढचं ठरवता येईल."

मी म्हणालो, प्रयोगशाळा दुसऱ्या इमारतीत हलवली, कागद गहाळ झाले. अर्धे तर उंदरांनी खाल्ले, म्हणालो. उंदीर कशाला आणले मी मध्ये? कुणी मागितले होते?

"असू द्या सर," तो म्हणाला. "तुम्हाला उगाच त्रास."

त्यानंतर नऊ दिवस जेवण गेलं नाही. दाराची बेल वाजली की आधी खिडकीतून बघायचो. खरं सांगू, कशाची भीती जास्त होती? तो मरेल याची नव्हे. तो जगेल, आणि त्याला कळेल, याची.

काल सकाळी शनिवार पेठेतल्या, सिद्धार्थच्या त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. पाकिटात कागद, आणि सोबत चिठ्ठी — इलेक्ट्रोड सुटला नव्हता, त्यानं पंजा दाखवला होता, मला दिसला होता. खाली माझी सही. काउंटरवरच्या बाईंनी कागद काढून तारीख वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आठ वर्षांपूर्वीचा आहे हा. इतके दिवस काय लोणचं घातलं होतंत?"

मी जिन्याकडे वळलो. डॉक्टरांसाठी थांबलोही नाही.

जिन्यात सिद्धार्थ भेटला. वर येत होता, बायकोचा हात धरून, दर दोन पायऱ्यांना थांबत. मला बघून त्याचा चेहरा उजळला.

"जयभीम सर! माझ्यासाठी आलात?" मग बायकोकडे वळून, "बघ, सांगत नव्हतो मी? हेच ते सर."

तिनं हात जोडले.

मी "हो" म्हणालो, आणि भिंतीला अंग चोरून त्यांना वर जायला वाट करून दिली.