खरवडलेले सप्तर्षी

ज्या माणसाला अंधारात काहीच दिसत नाही, त्याला तुम्ही तारे कसे दाखवाल?

माझ्या थोरल्या बहिणीला लहानपणापासून रातांधळेपणा होता. दिवे लागले की ती भिंतीला हात लावून चालायची. पुढे दिवसाचंही कमी होत गेलं. बांबूच्या नळीतून बघावं तेवढंच तिला दिसे. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, उपाय नाही, तेवढंही जाणार. आईने हे सगळ्यांपासून झाकून ठेवलं. बघायला पाहुणे येणार असले की कार्यक्रम सकाळी दहाचाच. त्या खोटेपणावरून मी भरल्या ताटावर भांडायचो. विज्ञानाची पत्रकं वाटून माणसं शहाणी होतात असं मानणारा मी. घरात एकालाही पटवू शकलो नाही.

ताऱ्यांवरची एक पातळ चोपडी मी ताईला वाचून दाखवायचो. एकदा ती म्हणाली, "सप्तर्षी सप्तर्षी म्हणतोस, दाखव की! पण दुपारी हं. रात्री मला ताटातली आमटी सापडत नाही."

दुपारी दाखवायचे तर फोटोच हवा. कचेरीतल्या एकाचा घडीचा कॅमेरा दोन दिवसांच्या बोलीवर आणला. चैत्रातली अमावास्या होती आणि डोंबिवलीत तेव्हा रस्त्यावर दिवे थोडेच. मागच्या अंगणात कॅमेरा उखळावर ठेवून विटांनी आवळला, तोंड उत्तरेकडे केलं, शटर उघडं टाकलं आणि दोन तास शेजारी बसलो.

"आले का रे?" ताई आतून विचारी.

"येताहेत."

"चालत येताहेत वाटतं!"

खरंच चालत होते. इतका वेळ शटर उघडं राहिलं की प्रत्येक तारा सरकत सरकत फिल्मवर रेघ ओढतो. हे मला ठाऊक होतं. स्टुडिओत सांगायचं मात्र सुचलं नाही.

स्टुडिओ टेंभी नाक्याजवळचा. ताईचा स्थळांना पाठवायचा फोटो तिथलाच. तिच्या गालावरचे देवीचे व्रण त्यांच्या कारागिराने निगेटिव्हवरच बुजवले होते. आठवड्याने गेलो तर मालक खुशीत.

"अहो, नुसत्या रेघाच रेघा होत्या! आमचा माणूस दुपारभर सुरीने खरवडत बसला. आता बघा, एक डाग नाही."

फोटोत खाली कौलांची कड, नारळाचा शेंडा. वर स्वच्छ काळोख.

"ते तारे होते," मी ओरडलो.

कारागीर बाहेर आला, भिंग कपाळावर सरकवून हात जोडून उभा राहिला. त्याच्यावर काय रागावणार? असेल ते पुसून टाकायला त्याला आमच्यासारख्या घरांनीच शिकवलं होतं.

कॅमेरा परत गेला होता. तो पुन्हा मिळेपर्यंत ढग आले आणि चार महिने आभाळ दिसलं नाही. पुढे सप्तर्षी उगवायचे ते पहाटेच, म्हणून मार्गशीर्षातल्या एका पहाटे पुन्हा फोटो काढला, स्टुडिओत चारदा बजावलं. या वेळी सातही रेघा लखलखीत आल्या.

ताईने फोटो खिडकीत नेऊन नाकाला लावला. मग त्यावरून बोटं फिरवली.

"कागद चांगला आहे रे. रेघा तेवढ्या तू सांग."

उरलेली नळी दिवाळीतच मिटली होती. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मी सांगू लागलो आणि तिसऱ्या रेघेला थांबलो.

तुमच्या घरी कुणी दिवे लागल्यावर भिंत धरून चालत असेल, तर ते झाकू नका. उजेड आहे तोवर त्या माणसाजवळ बसा, काय बघायचं राहिलंय ते विचारा, आणि आजच दाखवा.