भोगीची फुटलेली भाकरी

लग्नानंतरची माझी पहिली संक्रांत भोसरीत गेली. सत्तर सालानंतरची गोष्ट. एका शेतकरी कुटुंबाच्या घरामागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहत होतो. हे कारखान्यात टर्नर. मी रत्नागिरीकडची, म्हणजे भात आणि तांदळाची भाकरी खाऊन वाढलेली. बाजरी मी लग्नाआधी फक्त पाहिली होती.

भोगीच्या आदल्या दिवशी हे कामावरून आले आणि चपला काढता काढताच म्हणाले, की उद्या फोरमनसाहेब आणि खात्यातले दोघे जेवायला येतील. सकाळची शिफ्ट सुटली की थेट इकडेच. मी म्हटलं, "अहो, मला बाजरीची भाकरी येत नाही, ठाऊक आहे ना?"

"त्यात काय यायचंय? पीठ, पाणी आणि तीळ."

यांनी जन्मात कधी पिठात हात घातला नव्हता. पण नगरकडच्या माणसाला बाजरीवर बोलायचा अधिकार जन्मतःच मिळतो, अशी यांची समजूत होती. 'न खाई भोगी तो सदा रोगी' हेही मला ऐकवून झालं. मी बाजरी दळून आणा म्हणून सांगितलं, तर गिरणीत रांग होती म्हणून वाण्याकडचं तयार पीठ घेऊन आले.

भाजीची मला धास्ती नव्हती. वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, भुईमुगाचे दाणे, सगळं चिरून-सोलून सकाळी तयार होतं. वाटलेला तीळ, गूळ आणि चिंच घातल्यावर इतका छान वास सुटला की घटकाभर माझा रागही उतरला. मुगाची खिचडीही झाली. मग भाकरीला बसले. पहिली थापतानाच कडेनं फुटली. दुसरी उचलली तर तिचे दोन तुकडे हातात आले. तिसरी तव्यापर्यंत पोचली आणि तिथे फाटली. गरम पाणी घेऊन पाहिलं, पीठ पुन्हा मळून पाहिलं. हाताला चिकटलेलं पीठ खरवडताना मला अक्षरशः रडू येत होतं.

घरमालकीण मावशी लोण्याची वाटी घेऊन आल्या. परातीतलं पीठ चिमटीत चोळून म्हणाल्या, "आगं, तुजा हात न्हाई वाईट. पीठच जुनं हाय, त्याची विरी गेलीया, धरून ऱ्हात न्हाई. ह्याची भाकरी माज्या सासूलाबी व्हणार न्हाई." त्यांच्या घरचं पीठ सकाळच्या भाकरीतच संपलं होतं. एवढं सांगून त्या गेल्या. दोष माझा नव्हता हे कळून बरं वाटलं, पण पाहुण्यांना ते ताटात कसं वाढणार?

साडेतीन वाजून गेले होते. मी चिडून मूठभर कणीक त्या पिठात टाकली. लसूण-मिरची ठेचून घातली, मेथीची अख्खी जुडी चिरून घातली, ओवा घातला, तीळ घातले. गोळा ओल्या फडक्यावर थापला, मध्ये भोक पाडलं, तव्यावर टाकून कडेनं तेल सोडलं आणि झाकण ठेवलं. उलटताना तुटलं नाही. तोवर दारात सायकली वाजल्या.

पाहुणे तीन होते, सांगितले तेवढेच. त्याबद्दल मात्र यांचे आभार मानायला हवेत. मी एकेक गरम वाढत गेले, वर लोण्याचा गोळा. फोरमनसाहेबांनी पहिलं संपवलं, बोटांवरचं लोणीही चाटलं. मग ते म्हणाले, "वहिनी, आमच्या बीडकडं असं धपाटं करतात. आई गेल्यापासून खाल्लं नव्हतं." आणि आणखी एक मागून घेतलं.

लगेच हे म्हणाले, "मीच म्हटलं हिला, भाकरी काय सगळेच करतात. यंदा काही वेगळं कर."

मी उलथणं तव्यावर जरा जोरातच आपटलं. वहिनी दमल्या असतील, असं पाहुण्यांतला एकजण समजुतीनं म्हणाला.

पाहुणे गेल्यावर मी यांच्याशी बोललेच नाही. उरलेलं धपाटं दह्याबरोबर खाल्लं, आणि कबूल करते, चांगलं झालं होतं. यांना माझा अबोला कळला असावा, कारण उठून भांडी घासायला घेतली. मला बरं वाटलं. थोड्या वेळानं हे हसतमुखानं तवा घेऊन आले. राख आणि विटेचा चुरा लावून तो यांनी भांड्यासारखा लख्ख घासला होता. मी चार महिने तेल पाजून काळाभोर केलेला लोखंडी तवा.

दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. गुळाच्या पोळ्या एकूण एक त्याला चिकटल्या.