कानिफनाथची तार

शेवगावजवळच्या त्या वाडीत इंग्रजी वाचणारा माणूस एकच, कानिफनाथ. पुण्यात राहून त्याने रक्तातल्या प्रथिनांवर पीएच.डी. केली, पण पुढचं घोडं आकडेमोडीपाशी अडलं. ती हाताने करायला जन्म पुरला नसता. त्याला कॉम्प्युटर हवा होता, आणि तो होता परदेशातल्या प्रयोगशाळांत. तिथे पीएच.डी. झालेल्यांना पुढच्या संशोधनासाठी वर्ष-दोन वर्षं पगार देऊन ठेवून घेतात, असं त्याला कळलं होतं. मग हा पठ्ठ्या ग्रंथालयात बसून शोधनिबंधांखालचे पत्ते उतरवायचा आणि पत्रं धाडत राहायचा.

बहुतेकांनी साधी दखलही घेतली नाही. एकाहत्तरच्या हिवाळ्यात मात्र एका प्राध्यापकाचं उत्तर आलं. जागा मंजूर झाली तर तार करतो, तार मिळाल्यापासून आठवड्यात होकार कळवा. पुण्याची खोली सुटलेली, म्हणून कानिफनाथने गावचा पत्ता दिला होता. त्या दिवसापासून त्याचा जीव टांगणीला लागला. रानात उभा असला तरी डोळे शेवगावच्या रस्त्याकडे. त्याला जायचं होतं, फार फार जायचं होतं. पण झालं नाही तर हसं होईल म्हणून तारेचं त्याने आईलाही सांगितलं नाही. इथेच शहाणा चुकला.

महिना लोटला. आस सुटत चालली तसा तो आणखी पत्ते शोधायला पंधरवडाभर पुण्याला गेला, आणि नेमकी तेव्हा तार आली.

वाडीत तार म्हणजे मरणाची बातमी. ती पडली कानिफनाथच्या आईच्या, लंकाबाईच्या हातात; तिचा नवरा श्रीमंत ऊसतोडीला श्रीरामपूरकडे गेलेला. शेवगावात परक्या कुणाकडून ती वाचून घेण्याचा तिला धीर झाला नाही. पदराच्या गाठीत तार बांधून तिने एसटी धरली आणि फडावर पोचली, तर श्रीमंत कोयता घेऊन धडधाकट उभा. ती मटकन खाली बसून रडली. मरणाचा कागद घरात ठेवत नाहीत, म्हणून तो न वाचताच फाडून तिने पाटाच्या पाण्यात सोडला. मग नवऱ्याला सोडून येववेना, तशी मोळ्या बांधत आठ-दहा दिवस तिथेच राहिली.

कानिफनाथ परतला तेव्हा तिने त्याच्या हातावर गूळ ठेवला आणि हसत हसत सगळं सांगितलं.

"नाव कुनाचं हुतं तारेवर?" त्याने विचारलं.

"तुजंच की, पोस्टमन म्हनला. बापाचं लेकालाच कळवत्यात."

त्याला ओरडावंसं वाटलं, पण आईचा चेहरा इतका निवांत त्याने कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. तो गूळ खात बसला.

दुसऱ्या दिवशी शेवगावला जाऊन त्याने प्राध्यापकाला उशिरा का होईना, होकाराची तार केली. उत्तराची तार आली ती लंकाबाईच्याच हातात. या वेळी मात्र ती कुठे गेली नाही. लेक समोरच होता. तिने ती त्याच्यापुढे धरली.

त्याने वाचली. जागा दुसऱ्याला दिली होती.

"कोन गेलं रं?"

"आपलं कुनी न्हाई, आये," तो म्हणाला, आणि अंगणाबाहेर जाऊन त्याने तार फाडून टाकली.