आक्काची पहिली भाकरी

सकाळी भाच्याचा फोन आला, "मामा, आई गेली," आणि मला सगळ्यात आधी आठवली ती तव्यावरची पहिली भाकरी. माझी थोरली बहीण, आक्का, चिंचोळी एमआयडीसीजवळच्या वस्तीत लेकाकडे राहायची. तोंडाने फटकळ. तिच्याशी वाद घालायची वस्तीत कुणाची छाती नव्हती. सकाळची पहिली भाकरी दारातल्या कुत्रीची, हा आमच्या आईचा नेम तिने कधी मोडला नाही. ती भाकरी ती नातवाच्या, वीरच्या, हातात द्यायची. "लेकराच्या हातनं दिली की पुण्य लागतं," म्हणायची.

चार वर्षांचा होता वीर. कुत्री इतकी गरीब, की तो तिच्या पाठीवर डोकं टेकून बसायचा. ती सरपणामागे व्याली, तरी सकाळी भाकरी घेऊन वीरच गेला... मानेला चावली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं.

संध्याकाळी लोक कुत्रीला मारायला काठ्या घेऊन जमले, तेव्हा आक्काच आडवी आली. "तिची पिल्लं हुती. भाकरी म्या दिली की लेकराच्या हातात!"

सून सुनीता त्यानंतर तिच्याशी बोलली नाही. पुढे परी झाली, तीही आक्काच्या मांडीवर कधी दिली नाही. मला फार राग यायचा. आक्का मात्र "तिचं बरोबर हाय" एवढंच म्हणायची. भाकरी आता ती स्वतः लांब कोपऱ्यावर ठेवून यायची आणि शाळेच्या वेळी दारासमोर पोरं अडवायची. "खाणाऱ्या, झोपलेल्या, पिल्लावाल्या कुत्र्याजवळ जायचं न्हाय. वळखीचं असलं तरी न्हाय. अंगावर आलं तर पळायचं न्हाय, वरडायचं न्हाय. हात अंगाला, नजर खाली, गप हुबं ऱ्हायचं!" पोरं हसायची. आयांनाही ती सोडत नसे. "बारक्याला एकट्याला कुत्र्यापाशी सोडू नगं," म्हणून दटावायची.

आक्काचे दिवस झाल्यावर मी गावी परत निघालो, त्या सकाळी सुनीता पहिली भाकरी घेऊन बाहेर पडली. परी मागोमाग धावली. कोपऱ्यावरून एक कुत्रा भुंकत तिच्या अंगावर आला. मी ओरडणार, तोच पोर जागच्या जागी थांबली. हात अंगाला, मान खाली. कुत्रा हुंगून निघून गेला.

सुनीताने तिला छातीशी धरलं. "कुणी शिकवलं गं?"

"आजीनं... ती पोरांना सांगायची, मी खिडकीतनं बघायची."

सुनीता तिथंच उंबऱ्यावर बसली आणि आक्कासाठी पहिल्यांदा रडली. भाकरी तिच्या हातातच होती.